तुझी पोरगी नुसती बसून असते

आष्टा
७ जुलै १९७४

साळू,

आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिला. आता कामाचं.

तुझं पत्र पोचलं. चार पानं! अगं, चार पानं कशाला? मी चौथी शिकलेली बाई. इकडं दवाखान्यात बाळंतिणी ओरडतायत आणि मी तुझं अक्षर लावत बसू? पुढच्या वेळी दोन ओळीत लिही. लांबड लावायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

वीस वर्षांत तुझं हे दुसरं पत्र. पहिलं आलं ते हे गेले तेव्हा. ह्यांनी तुला ह्या दवाखान्यात नर्स म्हणून घेतलं नाही. सख्ख्या मेव्हणीनं नर्स व्हावं ह्याची त्यांना लाज वाटली, आणि तू माझा उंबरा चढायची बंद झालीस. ते झालं. आता हे नाहीत, दवाखाना मी चालवते, सांगलीहून एक डॉक्टर येऊन-जाऊन बघतात. त्यांनीच सातारला तुमच्या कॉलेजात शब्द टाकला आणि तू, नर्सांना शिकवणारी मोठी बाई, तुझ्या हाताखाली शिकलेली पोरगी माझ्याकडे पाठवलीस. आणि वर विचारतेस की मालकिणीला तिचं काम कसं वाटतं.

विचारलंस म्हणून सांगते. तुझी पोरगी नुसती बसून असते.

ती फुलवंता होवाळ तीन वर्षं नर्सिंग शिकली, वर आणखी एक वर्ष अपुऱ्या दिवसांच्या पोरांचं खास शिकली म्हणतेस. मला वाटलं, एवढं शिकलेली बाई वाऱ्यासारखी फिरेल. कसलं काय! चांगली भरल्या दिवसांची, गळा काढणारी पोरं असली की त्यांचं नेमकं तेवढं करते आणि सोडून देते. एखादं बारीक, मलूल असलं की त्याच्या उशाला स्टूल ओढून बसलीच. हात मांडीवर आणि डोळे पोराच्या छातीवर.

"काय करतीस गं?"

"बगती, बाई."

"बगून काय हुतंय?"

"श्वास बगती. चुकला तर कळाया नको?"

म्हणजे बघायचा पगार. मी सुद्धा बघते की, मला कोण देतंय?

हात धुण्याचं तर विचारू नकोस. एका पोराला हात लावला की धुते, दुसऱ्याला लावायच्या आधी धुते. हौद दुपारलाच तळाला जातो. बाळंतिणीच्या आया-सासवांना बाहेर काढते. आमच्या बाळाबाईला, जी ह्यांच्या वेळेपासून आया आहे आणि जिच्या हातावर अर्धं आष्टं जन्मलं, तिला म्हणाली, "मावशी, नखं काढा." बाळाबाई चुलीपुढं बसून रडली. मी तिची समजूत घालू का बाळंतिणीकडं बघू?

तू तिची जात लिहिली नव्हतीस. बरं केलंस. लिहिली असतीस तर मी नको म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू. आडनाव ऐकूनच बाळाबाईनं ओळखलं. पलूसकडचं गाव, बाप मिलिटरीत होता, छप्पन सालानंतर त्यांनी धर्म बदलला, घरात देव नाहीत. गावात खोली कुणी देईना, म्हणून मागची कंपाउंडरची खोली दिली आहे. पेशंटचे लोक विचारतात, "ही पोरगी कोन?" मी म्हणते, "सिस्टर हाय." "ते खरं, पर कोन?" "सिस्टर!" एवढ्यावर भागवते.

तू लिहितेस, तुमच्या वरच्या लोकांनी ठरवलंय की ज्यांनी ह्या खास शिकलेल्या पोरी कामाला ठेवल्या त्या मालकांना विचारायचं, आणि ते "साधी सुईण बरी" म्हणाले तर ते वर्षभराचं शिक्षणच बंद करायचं. कऱ्हाडच्या कुणा डॉक्टरांनी म्हणे सांगितलं की ह्या पोरी स्वतःला डॉक्टर समजतात. मग मी काय वेगळं सांगणार? दिवाळीपर्यंतच्या बोलीवर ठेवली आहे. दिवाळीनंतर ठेवायची का घालवायची ते ठरवीन. तेच माझं मत समज.

तुझी
मुक्ताक्का

'आहे' आणि 'नाही' नीट लिहिलंय का बघ. मी 'हाय' लिहिलं की हे बोटांवर रूळ मारायचे. घाईत अजून चुकतं.


आष्टा
२५ ऑगस्ट १९७४

साळू,

बरी असशील. मी बरी नाही.

तुझ्या पोरीनं माझ्या दवाखान्यात मरण आणलंय.

भडकू नकोस, ऐक. तिकडं वाळव्याच्या बाजूची एक बाई आली, दिवस भरले नव्हते. सातव्यातच झालं. तळहाताएवढी पोरगी. आमची रीत तुला सांगायला नको. असलं झालं की बाळाबाई ते फडक्यात गुंडाळते, सुपात घालते आणि सूप कोपऱ्यात ठेवते. आईला तोंड दाखवत नाही. "गेलेलंच जन्मलं" म्हणून सांगायचं. बघितलंच नाही तर जीव गुंतत नाही, बाई चार दिवसांत उठून कामाला लागते. ह्यांचीही तीच रीत होती. ते डॉक्टर असून.

बाळाबाईनं सूप उचललं तर तुझ्या पोरीनं तिच्या हातातलं काढून घेतलं. "मावशी, ते हालतंय." बाळाबाई म्हणाली, "हालतंय, पर जगत न्हाई." ती म्हणाली, "जगत न्हाई, पर हालतंय की." आणि मला न विचारता माळ्यावरची आंब्याची पेटी खाली काढली. पेंढा झाडला, उन्हात तापवली, आत कापूस, वर ह्यांची जुनी घोंगडी. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून दोन्ही बाजूंना. त्यात ते पोर. बाटली निवली की दुसरी, सारखं तेच.

तेवढ्यावर थांबली असती तर मी काही बोलले नसते. पण ती पेटी उचलून आईच्या खाटेजवळ घेऊन गेली! "बघ तुजी लेक." त्या बाईला दूध काढायला लावलं वाटीत, आणि ते दूध थेंब थेंब पोराच्या ओठात. आई दिवसभर पेटीकडं तोंड करून पडलेली. पेटीशी बोलायची.

आणि मग गेलंच ते. आठवडाभरानं गेलं. त्या बाईनं जो टाहो फोडला साळू, बाजारापर्यंत ऐकू गेला. रस्त्यानं माणसं थांबली. दोन आठवडे झाले, अजून कुणीतरी येऊन विचारतंय, "डॉक्टरीणबाई, तुमच्याकडं पोर गेलं म्हनं?" त्यानंतर आणखी एक गेलं. तेही पेटीत ठेवलेलं, आईला दाखवलेलं. एक मात्र जगलं, ते घेऊन त्याची आजी नाचत घरी गेली, पण त्याचं कोण बोलतंय?

मी फुलवंताला म्हणाले, "आमच्याकडं पोरं मरत न्हवती. तू आलीस आनि मराया लागली."

ती बाटल्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मरत हुती, बाई. तुमी धरत न्हवता."

उलटून बोलते. हेही मतात घाल.

तू आधीच्या पत्रात लिहिलंस की आईला दाखवायचं हे तूच त्यांना शिकवतेस. म्हणजे हे खूळ तुझंच होय? जे जगणार नाही ते दाखवून काय मिळतं, सांग. मलाही दाखवलं नव्हतं. काय बिघडलं माझं? उठले, कामाला लागले, दवाखाना उभा केला. पुन्हा झालं नाही, तो भाग वेगळा.

सांगलीच्या डॉक्टरांचं म्हणणं, पोरगी चलाख आहे पण दोन माणसांचं काम एका पोरावर घालवते, आपल्यासारख्या लहान दवाखान्याला हे झेपायचं नाही. मला पटतं.

चार ओळींत उत्तर लिही.

मुक्ताक्का


आष्टा
१६ ऑक्टोबर १९७४

साळू,

पत्र मिळालं. ह्या वेळी दोन पानं. सुधारतेस.

तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मी देणार नाही. मी तुला फुलवंताचं लिहिते आहे, माझं नाही.

आता एक नवीनच होऊन बसलंय. अंबूबाई म्हणून आहेत, मोठं उसाचं रान, माणसांनी भरलेलं घर. लेक कृष्णात मिलिटरीत, तिकडं काश्मीरला. सून तानू, अठरा-एकोणीसची असेल, पहिलटकरीण. तिला सातवा संपता संपता मुलगा झाला. एवढासा. कातडी अशी की आतल्या शिरा मोजाव्यात. पेटीत घातला.

अंबूबाई आल्या आणि पेटी बघून जो तोंडाचा पट्टा सोडला! "आवं डॉक्टरीणबाई, ही काय रीत झाली? जित्त्या पोराला पेटीत घालत्यात व्हय? आमी काय मिशनवाले हाय?" मग फुलवंताकडं वळून, "तुजं आडनाव काय गं?" तिनं सांगितलं. अंबूबाईंनी पदर सावरून चार पावलं मागं घेतली. फुलवंतानं हात धुतले आणि बाटली बदलली.

पाचवीला खरी वेळ आली. तुला ठाऊकच आहे, पाचवीला सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर लिहिते. अंबूबाई पाटा-वरवंटा, सुपाऱ्या, ज्वारी सगळं घेऊन दिवेलागणीला हजर. म्हणाल्या, पोर बाहेर काढा, पाट्यापुढं ठेवा, पेटीत घोंगडीखाली सटवाईला कपाळ दिसणार कसं? लिहिणार कुठं? तानू रडायला लागली, तिलाही तेच वाटत होतं. फुलवंता म्हणाली, बाहेर काढलं तर गार पडेल, मी काढू देणार नाही. दोघी समोरासमोर. मी मध्ये पडणार होते. कुणाच्या बाजूनं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

मग तुझी पोरगी म्हणाली, "आजी, मी ह्ये मानत न्हाई. पर तुमी मानताय ना? मग पोराला न्हेऊ नका, पूजाच हिकडं आना. मी घोंगडी चार बोटं बाजूला करती. कपाळापुरती. लिवून हूस्तवर धरती."

अंबूबाईंनी पाटा उचलून पेटीजवळ मांडला. सगळी पूजा होईपर्यंत ती घोंगडीची कड बोटांत धरून उभी. एक बाटली कपाळाच्या वरच्या अंगाला लावून. पूजा लांबली तशा अंबूबाईच म्हणाल्या, "झालं गं, झाक आता. येवढं का लिवायचं असतंय, बारकंच तर कपाळ हाय."

त्या दिवसापासून अंबूबाई घरी जात नाहीत. चुलीपुढं बसून बाटल्यांचं पाणी तापवून देतात. आधी बाटली जमिनीवर ठेवायच्या आणि फुलवंता उचलायची. आता हातात देतात. पोराचं नावसुद्धा ठेवलंय, लालासाहेब! बाराव्याला थांबल्या नाहीत. "येवढंसं तोंड, आनि लालासाहेब?" मी म्हटलं. तर म्हणतात, "मग काय धोंड्या ठिवू? मोठं नाव असलं की तेवडं भरायला लागतंय त्येला."

तानूनं नवऱ्याला पत्र लिहिलं की तुमच्यासारख्या भुवया आहेत. कुठून दिसल्या तिला, मला तर रेघसुद्धा दिसत नाही.

एकदा अंबूबाईंनी फुलवंताला विचारलं, "बाय, तुज्या घरी कुनाचं असं झालं हुतं का, म्हनून ह्ये शिकलीस?" ती म्हणाली, "न्हाई. आमच्या बाईनी शिकिवलं म्हनून." बाई म्हणजे तू.

सांगलीच्या डॉक्टरांनी पुन्हा टुमणं लावलंय, की हिच्याजागी दोन साध्या आया ठेवा. मी म्हटलं, थांबा. मी फुलवंताला बोलावून तोंडावर सांगितलं, "ह्यो लालासाहेब जगला तर तू ऱ्हा. गेला तर तुजं तू बघ." आडपडदा कशाला?

ती म्हणाली, "बरं."

नुसतं बरं. मी असते तर भांडले असते.

मुक्ताक्का


आष्टा
२४ नोव्हेंबर १९७४

साळू,

लालासाहेब गेला.

तुला कळवायचं होतं, म्हणून लिहिते. हात चालत नाही, 'आहे' 'नाही' बघत बसू नकोस.

दिवाळीत बरा होता. गाल आल्यासारखं वाटायला लागलं होतं. पेटीतनं पाय बाहेर काढायचा. तानूच्या मांडीवर घ्यायला लागले होते थोडा थोडा वेळ. भाऊबीज झाली आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी दूध घेईना. ओठ निळे पडले. फुलवंता त्याच्याजवळच बसलेली होती, उठलेली नव्हती, झोपलेली नव्हती. तिनं पायाला टिचक्या मारल्या, पाठ चोळली, नळी लावली, सांगलीच्या डॉक्टरांना माणूस धाडला. ते आलेही. कुणाचं काही चुकलं नाही साळू. मीच बघत होते, चूक शोधत होते, सापडली असती तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत झालं.

जाण्याआधी तिनं त्याला पेटीतनं काढून तानूच्या छातीवर ठेवला. आम्ही सगळ्या तिथंच. तानूनं बोट पुढं केलं ते त्यानं धरलं. नुसतं लागलं असेल, पण ती म्हणते धरलं.

अंबूबाई ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. त्यांचे दीर हिंदुराव आले ते मात्र दारातनंच सुरू. पेटीवरनं बोलले, मग फुलवंताच्या जातीवरनं बोलले. ते शब्द मी कागदावर घालणार नाही. ती भिंतीला पाठ लावून उभी. मी तोंड उघडणार तोवर अंबूबाई उठल्या.

"भावजी, गप बसा. तुमच्या पैल्या दोन पोरी सुपातनं गेल्या. तुमी तोंड बगितलं हुतं त्यांचं? तुमच्या बायकूनं बगितलं हुतं? माज्या नातवाला नाव हुतं. त्यो बापागत कपाळाला आठ्या घालायचा. जावा, खड्डा काडाया मानूस बगा जावा."

हिंदुराव गेले. अंबूबाईंनी पोर फुलवंताच्या हातात दिलं. म्हणाल्या, "तूच न्हाऊ घाल. त्येला तुजा हात वळखीचा हाय."

तिनं कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं. पाण्यात कोपर बुडवून बघितलं, ऊन जास्त नाही ना म्हणून. मेलेल्या पोरासाठी. मी बाहेर गेले तेव्हा. मला आत उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पत्र्याची ट्रंक घेऊन खोलीच्या दारात उभी.

"जाती, बाई."

"कुटं?"

"बोली झाली हुती न्हवं."

"तुला हाकाललं कुनी?"

"तुमीच."

"मी काय बी बोलती. बाळाबाईला मी वर्षातनं चारदा हाकालती. ती गेली का कुटं?"

ती हसली नाही. डोळे सुजले होते. मी विचारलं, रडलीस का? म्हणाली, मागं जाऊन रडून आले. मग म्हणाली, "बाई, मला बगायला शिकिवलंय. कवाकवा बगता बगता जातंय. त्येला मी काय करू?"

मी म्हटलं, "आनि त्या आंब्याच्या पेटीचं काय करू?"

"पुडच्याला लागंल."

"पुडच्याजवळ कोन बसनार? बाळाबाई? नखं वाढवून?"

तिनं बराच वेळ ट्रंक खाली ठेवली नाही. मी पण सरले नाही दारातनं. शेवटी आत एक बाई कळा देत ओरडली तेव्हा ती ट्रंक तिथंच ठेवून हात धुवायला गेली. ट्रंक मी आत सरकवली. जड आहे, पुस्तकंच असणार.

म्हणजे राहिली आहे. सांगलीच्या डॉक्टरांना मी सांगितलं, ती राहणार. ते म्हणाले, "मालकीण तुम्ही, पण असं भावनेवर दवाखाना चालत नाही." मी म्हटलं, कशावर चालतो ते तुमी मला शिकवू नका.

तानूला घरी नेलं. जाताना ती पेटीवरनं हात फिरवून गेली. तिचं रडणं थांबत नाही. मला वाटलं होतं ह्याचंच मला भ्या होतं. आता कळत नाही, कशाचं होतं.

मुक्ता


आष्टा
१९ जानेवारी १९७५

साळू,

तिळगूळ पाठवते आहे, फुटला असेल.

तुमच्या वरच्यांना दाखवायला माझं मत हवं म्हणून तू पुन्हा लिहिलंस. खाली लिहिते, हे वाचून दाखव. शुद्ध करायचं असेल तर कर, पण गोड करू नकोस.

फुलवंता होवाळ माझ्याकडे सात-आठ महिने आहे. ती हौद रिकामा करते. उलटून बोलते. झाडू हातात घेत नाही. मालकिणीनं सांगितलेलं पटलं नाही तर करत नाही. तिच्या हाताखाली अपुऱ्या दिवसांची काही पोरं जगली, काही गेली. गेलेली जास्त. ती यायच्या आधी माझ्याकडे अशी पोरं जात नव्हती असं मी सगळ्यांना सांगायचे, ते खोटं आहे. ती असायचीच, कोपऱ्यात सुपात. साधी सुईण बरी का ही बरी असं विचारता. सुईण काम उरकते. ही उरकत नाही. मला उरकणारं माणूस आवडतं, मी स्वतः तशी आहे. तरी मी हिला ठेवली आहे आणि दुसरी अशीच मिळाली तर तिलाही ठेवीन. का, ते तानूला विचारा. मला मांडता येत नाही.

एवढं त्यांच्यासाठी. पुढचं तुझ्यासाठी, ते दाखवू नकोस.

संक्रांतीला तानू आली होती. अंबूबाईंबरोबर, वाण घेऊन. पेटीत सध्या कुंभारवाड्यातली एक पोरगी आहे, तिला बघत बसली. मग माझ्याजवळ येऊन बोलायला लागली. लालासाहेबाचे कान कसे दुमडलेले होते, दूध नको असलं की जीभ कशी बाहेर काढायचा, फुलवंता आली की हालचाल कशी वाढायची. भुवया. कृष्णातला रजा मिळाली नाही, त्यानं पोराला बघितलंच नाही, तर त्याला ती हे सगळं पत्रात लिहिते, सारखं लिहिते. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, त्येस्नी बी आता वळखीचा झालाय त्यो."

मी ऐकत होते. आणि मला मेलीला तिचा हेवा वाटला. तिचं पोर गेलं आणि मला तिचा हेवा वाटला, बघ.

माझ्याकडं सांगायला एक भुवईसुद्धा नाही.

तू मागं विचारलं होतंस आणि मी उत्तर देणार नाही म्हटलं होतं. तू विचारलंस, "अक्का, तुला आठवतं का?" आठवायला काय आहे? मी सतरा वर्षांची, माहेरी बाळंतपणाला आलेली. दिवस भरायच्या आधीच पोट दुखायला लागलं. भर दुपार होती, बाहेर कुणीतरी गुळाची काहील घासत होतं, त्याचा आवाज. मग आईनं सूप उचललं आणि म्हणाली, "गेलेलंच जन्मलं." आणि सूप घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. तू तिथं होतीस. अकरा वर्षांची. आई लगेच हात पुसत बाहेर आली, माझ्याजवळ बसली. तू आली नाहीस. दुपार कलली, दिवे लागले, तू बाहेर आली नाहीस. आईनं तुला दोनदा हाक मारली. मला वाटलं, भिऊन बसलीस. मग तू आलीस तर तुझ्या परकराचा ओचा पुढं ओला होता, पोटाशी चुलीची राख लागलेली होती आणि तू माझ्याकडं बघेनास.

गेलेल्या पोराला कुणी दुपारभर चुलीपुढं पोटाशी धरून बसतं का?

मी तेव्हाही ओळखलं होतं. विचारलं नाही. उद्या विचारू, परवा विचारू असं झालं, मग तुझं लग्न झालं, मग त्या माणसानं तुला टाकलं, मग तू नर्स व्हायला गेलीस. सगळे म्हणाले, नवऱ्यानं टाकलेली दुसरं काय करणार. ते कारण नव्हतं, हे मला एकटीला ठाऊक होतं. फुलवंता म्हणते, 'आमच्या बाईनी शिकिवलं.' बाईंना कुणी शिकवलं, ते मी तिला सांगितलं नाही. तुझं तू सांग, नाहीतर नको सांगू.

पण मला सांग. ह्या कारणानं तरी ये. उंबरा आता माझा आहे. यायचं नसेल तर लिही.

मुलगा होता का मुलगी. रडलं का. डोळे उघडले होते का, आणि उघडले असतील तर तुझ्याकडं बघितलं का. केस होते का. हात कसा होता, बोट धरलं का. भुवया कुणासारख्या. तुझ्या पोटाशी ऊब लागत होती का त्याला. कधी थांबलं, आणि तू तेव्हा त्याला काही म्हणालीस का.

मी दर पत्रात तुला म्हणते, दोन ओळीत लिही.

ह्या वेळी लांबड लाव, साळू. जेवढी लावता येईल तेवढी लाव. मी अक्षर लावत बसते.

तुझी
अक्का